रजेच्या अर्जावर ‘ताप’ का लिहावा लागतो?

दरवर्षी १० ऑक्टोबर हा दिवस जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. १९९२ पासून ही प्रथा सुरू आहे. हा दिवस जवळ आला की गावोगावच्या डॉक्टरांना व्याख्यानाची आमंत्रणे येऊ लागतात. २०२३ साली मला आमच्या भागातील एका सूतगिरणीने बोलावले. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. पण मॅनेजरसाहेबांचा आग्रह मोडवेना. पहिली पाळी साडेतीनला सुटल्यावर कामगारांना कँटीनमध्ये थांबवून घेतले होते. मी तासभर बोललो. वेळेवर झोपा, व्यसने टाळा, मनातले कोणाशी तरी बोला, रोज थोडा प्राणायाम करा. पहाटे पाचला उठून कामावर आलेली माणसे झोपेचे महत्त्व ऐकत होती आणि निम्म्यांची नजर घड्याळावर होती. शेवटी शाल, श्रीफळ, चहा आणि फोटो.

गेटबाहेर एक कामगार सायकल धरून माझी वाट पाहत उभे होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, झोपेचं तुम्ही सांगितलं ते खरं आहे. पण दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी येते, ती कोणाला सांगू?”

मी त्यांना संध्याकाळी दवाखान्यात यायला सांगितले. त्यांची हकीकत आज त्यांच्या परवानगीने देत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मात्र ही हकीकत सांगायची तर माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल.

संध्याकाळी त्यांनी तंबाखूच्या चंचीतून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. लिथियमच्या गोळ्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांना उन्मादाचा झटका आला होता. कधी मन अतिउत्साहाने उसळते, कधी खोल नैराश्यात बुडते, असा हा आजार. उन्मादाच्या काळात माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो तरी त्याला थकवा जाणवत नाही. अखंड बोलतो, उधळपट्टी करतो, अडवले की चिडतो. जिल्हा रुग्णालयात उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यानंतर हे गृहस्थ वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करत होते. रिंग फ्रेमवर सायडर. हात चांगला, खाडे नाहीत.

गिरणीत त्यांचा आजार एकट्या जुन्या जॉबरला ठाऊक होता. तो कोणाला काही न सांगता, इतरांशी अदलाबदल करून, यांना रात्रपाळी लागू देत नसे. त्या वर्षी जॉबर निवृत्त झाला. नव्या माणसाने वहीत पाहिले, नियमाप्रमाणे पाळ्या लावल्या आणि यांना तिसरी पाळी आली. यात नव्या जॉबरचा काही दोष नाही. त्याला सांगणार कोण? या आजारात झोप मोडणे ही फार मोठी गोष्ट असते. दोन-चार रात्रींचे जागरण उन्मादाला आमंत्रण ठरू शकते, गोळ्या चालू असल्या तरीही. त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा भरभर बोलत होते आणि मध्येच उठून येरझाऱ्या घालत होते. मी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली आणि विश्रांतीचा दाखला लिहायला घेतला.

तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. “साहेब, त्यावर डोक्याचं काही लिहू नका. टाइम ऑफिसात कागद गेला की चहाच्या टपरीवर येतो. मुलाचं लग्न जमवायचं आहे.”

मी ‘ताप व अशक्तपणा, आठ दिवस विश्रांती’ असे लिहिले.

खोटा दाखला देणे हा डॉक्टरच्या व्यवसायात गैरवर्तनाचा प्रकार आहे, हे मला ठाऊक होते. माणुसकी म्हणून दिला, असे मी मनाशी म्हटले. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच केले, असे म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही. आमच्याकडे ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली किती उदास बायका, किती घाबरलेले शिक्षक आणि किती खचलेले कारकून रजेवर जातात, हे गावातला कोणताही डॉक्टर सांगेल.

आठ दिवस संपले. तापाला तेवढे पुरतात. मनाच्या आजाराला पुरत नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायलाच साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. उन्मादातून सावरायलाही अनेक आठवडे जातात. पण कागदावर ताप होता. नवव्या दिवशी ते हजर झाले आणि फिरत्या क्रमाने रात्रपाळीवरच गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे राहून गेले होते.

चौथ्या रात्री त्यांनी ओळीने यंत्रे बंद केली आणि एका पेटीवर उभे राहून भाषण सुरू केले. गिरणी आपल्याला विकत घ्यायची आहे, सगळ्यांचा पगार दुप्पट करणार, असे काहीसे. उतरवायला आलेल्या रखवालदाराला ढकलले. दारू पिऊन आला असेल, असे सगळ्यांनी धरून चालले. सकाळी निलंबनाचा कागद हातात पडला आणि पुढे आरोपपत्र आले : गैरवर्तन, उत्पादनाचे नुकसान, कामावर असताना मद्यपान. त्यांची पत्नी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. “डॉक्टर, हे आयुष्यात कधी प्यायलेले नाहीत. तुम्ही सांगा की त्यांना.”

मी गिरणीत गेलो. मॅनेजरसाहेबांनी फाईल काढली आणि माझाच दाखला माझ्यापुढे ठेवला. “तुम्हीच ताप लिहिला आहे. ताप उतरला, माणूस कामावर आला. आता आजारी होता असे आम्ही कशाच्या आधारावर म्हणायचे?” त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मी खरे काय ते सांगितले. सांगण्यापूर्वी त्या बाईंची आणि रुग्णाची संमती घेतली होती. तोवर ते जिल्हा रुग्णालयात दाखल झाले होते आणि थोडे शांत झाले होते. मॅनेजर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांनी मला आधी सांगायचे होते.” मी विचारले, “सांगितले असते तर तुमच्या कोणत्या नियमाने तुम्ही त्यांची रात्रपाळी बंद केली असती?” नियम नव्हता.

वाचकहो, या लेखाचा विषय हा न-असलेला नियम आहे. कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य म्हटले की आपल्यापुढे व्याख्याने, योगशिबिरे, भिंतीवरची सुविचारांची पाटी येते. मी त्यांना वाईट म्हणत नाही; व्याख्यानांचा श्रीफळधारी मी स्वतःच आहे. पण कर्मचाऱ्याचे मन ज्या गोष्टींनी सावरते किंवा मोडते, त्या पाळ्यांच्या वहीत, रजेच्या नियमांत आणि आस्थापना विभागाच्या कपाटात असतात. पूर्वी या विभागाला टाइम ऑफिस म्हणत, मग पर्सोनेल म्हणू लागले, हल्ली एच. आर. म्हणतात. कपाट तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही कामाची रचना बदलणे, वरिष्ठांना प्रशिक्षण देणे आणि आजारपणानंतर परतणाऱ्याला सामावून घेणे यांवर भर आहे. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे कायदा अगदी मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. कोण्या साहेबाने फोन करून “अमक्याला काय झालंय हो?” असे विचारले, तर डॉक्टरने सांगायचे नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करण्यास सांगितले आहे आणि विमा नियामक संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रकही काढले. आपल्या कचेरीने सर्वांचा मिळून आरोग्य विमा उतरवला असेल, तर त्याचा कागद एकदा मागून वाचावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे तो कायदा सांगतो. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी त्यात काय काय लिहायचे हे २०१७ च्या नियमांत दिले आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. मानसिक आजार हे गैरवर्तनामागचे एकमेव कारण असले पाहिजे असे नाही. ते एक कारण असले तरी, अशा माणसावर शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या मॅनेजरसाहेबांना गिरणीच्या वकिलाने हा निकाल दाखवला. चौकशी बंद झाली, हे माझ्या बोलण्यामुळे की वकिलाच्या, ते सांगता येणार नाही.

माझ्या खोट्या दाखल्याने आणखी एक नुकसान केले होते, ते मला नंतर कळले. या गृहस्थांचा ई. एस. आय. चा विमा होता. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम त्यातून मिळते. पुढची गोष्ट तर फार थोड्या कामगारांना माहीत असते. क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घकालीन आजारांसाठी ९१ दिवसांनंतरही, दोन वर्षांपर्यंत, ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो आणि त्या यादीत स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य व उन्माद-नैराश्याचा आजारही आहे. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. पण दाखला ई. एस. आय. च्या दवाखान्यातून, खऱ्या आजाराच्या नावाने घ्यावा लागतो. माझ्या ‘तापा’चे आठ दिवस त्यांनी बिनपगारी काढले. पुढचे सहा आठवडे मात्र रीतसर दाखल्यावर निघाले आणि घरात पैसे आले.

गिरणीत काय बदलले

त्या डिसेंबरात मॅनेजर, युनियनचे दोघे, जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ आणि मी असे तीनदा बसलो. पहिल्या बैठकीत युनियनच्याच माणसाने शंका काढली : “उद्या सगळेच म्हणतील, आम्हाला रात्री झोप लागत नाही. मग तिसरी पाळी चालवायची कोणी?” शंका रास्त होती. रात्रपाळी टाळणाऱ्याचा भार शेवटी दुसऱ्या कामगारावरच पडतो. तोड अशी निघाली की सवलत तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्यावर द्यायची, दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार करायचा, आणि सवलत घेणाऱ्याने रविवारी व सणावाराला पहिल्या पाळीची जास्त हजेरी द्यायची. प्रत्यक्षात सवलत मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

खरा तिढा कागदाचा होता. कारभारासाठी गिरणीला आजाराचे नाव कशाला हवे? ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये, अमुक तारखेपर्यंत’ एवढे पुरेसे आहे. हा कागद आता टाइम ऑफिसच्या खिडकीतून जात नाही. पाकीट बंद करून थेट कल्याण अधिकाऱ्याकडे जातो; तो ते कुलपात ठेवतो आणि जॉबरला फक्त पाळी कळवतो. (मोठ्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. त्याच्याकडे बहुधा कँटीनच्या तक्रारी आणि क्रीडास्पर्धा एवढेच काम उरलेले असते.) मीही त्या दिवसापासून ‘ताप’ लिहिणे बंद केले. आता ‘माझ्या उपचाराखाली असून कामास अयोग्य’ असे लिहितो. ते खरे असते आणि त्यात रुग्णाची लाजही राखली जाते.

परतल्यावर पहिला महिना या गृहस्थांना फिरत्या यंत्रावर न ठेवता पॅकिंगला ठेवले, पगार तोच. सुरुवातीच्या काही औषधांनी सकाळी गुंगी राहते; यंत्रात बोट जायला क्षण पुरतो. लिथियमची तर आणखी वेगळी तऱ्हा. रक्तातले त्याचे प्रमाण अधूनमधून तपासावे लागते आणि रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचे असते, म्हणजे सकाळीच. त्यासाठी दर तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा ठरली. शिवाय घाम फार गेला आणि पाणी कमी पडले तर हे प्रमाण रक्तात वाढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवतात, उन्हाळ्यात आत उभे राहवत नाही. तेव्हा पाणी प्यायला जाण्यासाठी जॉबरची परवानगी लागू नये, हेही नियमात लिहावे लागले. हा नियम सगळ्यांनाच लागू केला. मला विचाराल तर त्या बैठकांतून निघालेला सर्वांत उपयोगी नियम हाच.

जॉबर आणि सुपरवायझर यांना तज्ज्ञांनी दोन तास शिकवले. रोग ओळखायला नव्हे, बदल ओळखायला. नेमाने येणारा माणूस उशिरा येऊ लागला, डबा तसाच परत नेऊ लागला, गप्प बसणारा अचानक बडबडू लागला, तर चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारावे. चांगले रेकॉर्ड असलेला माणूस एकाएकी विचित्र वागला तर आरोपपत्राआधी वैद्यकीय तपासणी, हेही ठरले.

एक गोष्ट मात्र झाली नाही. हे सारे कायम कामगारांपुरते राहिले. बदली कामगाराने रात्रपाळी नको म्हटले की दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पुकारले जात नाही. त्याच्याबाबत मी दोनदा बोललो. “बघू” असे उत्तर मिळाले. अजून बघणे चालू आहे.

चार माणसांच्या कचेरीत

आमचे वाचक म्हणतील, आमच्याकडे ना कल्याण अधिकारी ना युनियन. पतसंस्थेत चार माणसे, त्यात मार्चएंड. गेल्या मार्चमध्ये एक कॅशियर बाई छातीत धडधडते म्हणून आल्या. ईसीजी चांगला, रक्तदाब चांगला. दोन महिने रात्री नऊपर्यंत काम, रोकड कमी भरली तर स्वतःच्या पगारातून कापून घेणार, आणि वर वसुलीचे फोनही त्यांनीच करायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेचा उल्लेख आहे, मात्र रोग म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून. यावर गोळी काय देणार? त्यांच्या संमतीने मी चेअरमनांशी बोललो. वसुलीचे फोन दुसऱ्याकडे गेले आणि रोकड दोघांनी मिळून मोजायची ठरले. एक पैसा खर्च आला नाही. धडधड महिन्याभरात थांबली. असे ताण वेळीच कमी झाले नाहीत तर पुढे खरा आजार होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

ज्यांना गावातल्या डॉक्टरकडेही जायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर न टाकता लगेच हा फोन करावा, आणि घरच्या एकाला तरी जवळ बसवावे.

आमचे सायडर आता पुन्हा रिंग फ्रेमवर आहेत. पहिली आणि दुसरी पाळी करतात. मुलाचे लग्नही जमले. लग्नाआधी ते खास विचारायला आले होते. “डॉक्टरसाहेब, घरात गोंधळ घालायचा आहे. रात्रभर जागावं लागतं. चालेल का?” मी म्हटले, पूजेला बसा, नऊला गोळी घ्या, दहाला मागच्या खोलीत जाऊन झोपा, पहाटे आरतीला उठा. देवीसमोर रात्रभर त्यांचा धाकटा भाऊ बसला. पाहुण्यांनी विचारले तेव्हा घरच्यांनी सांगितले, त्यांना औषध चालू आहे, जागरण चालत नाही.